उंबरठ्यावरचे बुवा

प्रेमदासबुवा प्रार्थनाघराच्या उंबरठ्यावर आडवे झाले होते. डोकं चौकटीच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला.

"मी सगळ्यांत लहान. मला ओलांडून आत जा," ते डोळे मिटून म्हणाले.

कोणी गेलं नाही. निजलेल्या माणसाला ओलांडायचं नसतं, हे नाचणगावात पोरंही जाणत. ख्रिस्ती झालेल्या घरांतही ते तसंच चालत आलं होतं.

चोपन्न सालचा हंगामाचा सण होता. या दिवशी ज्यानं त्यानं शेतातलं पहिलं पीक आत नेऊन ठेवायचं आणि आपल्या तोंडानं देवाचे आभार मानायचे. पण दिवाळीनंतर बुवा गावात आले. खाट नको म्हणाले, अर्ध्या भाकरीवर उठले. "आपण किडे. किड्यानं थेट देवाशी बोलणं म्हणजे गर्व. माझ्यापाशी पहाटे देवदूत येतो. तुमचं मी त्याला सांगेन." केवढा नम्र माणूस, असं लोकांना वाटलं. हळूहळू ज्याची त्याची प्रार्थना बंद पडली.

आताही लोक बुवांच्या उशाशी टोपल्या ठेवून मागे सरत होते.

धुरपता वांग्यांची टोपली घेऊन उभीच राहिली. पावसाळ्यात तिचा नवरा खुशाल मुदतीच्या तापानं हातचा चालला होता. हा उठला तर चारचौघांत तुझे आभार मानीन, असं ती देवाला बोलली होती. खुशाल उठला. ही वांगी त्यानंच तोडलेली.

"ठेव न बुवापाशी," म्हातारा तानबा म्हणाला. "ते सांगतीन देवदूताले."

"तापात म्या देवालेच हाक मारलती, भाऊजी." मग ती खाली वाकली. "बुवा, तुम्ही एवढे लहान, मंग सारं दार भरलं काऊन?"

मागे कोणीतरी हसलं. बुवांनी डोळे उघडले. उशाशी टोपल्यांचा ढीग होता. आत सतरंजी रिकामी होती. बराच वेळ ते तिकडेच पाहत राहिले. मग त्यांनी पाय पोटाशी घेतले.

धुरपता आत गेली. तिच्यामागे सगळे गेले. ती बोलताना अडखळली, रडली, पण खुशालचं नाव आलं आणि देवाचंही आलं. तानबानं तुरीसाठी आभार मानले. कोणी विहिरीच्या पाण्यासाठी, कोणी व्यालेल्या गाईसाठी. घर आवाजांनी भरून गेलं.

दारात सावली पडली. बुवा उभे होते. सतरंजीवर जागा उरली नव्हती.

"तानबाभाऊ," ते हळूच म्हणाले, "जरा सरकता का?"