परतीचं पाकीट

"या अंकात एकच पान उरलंय, आणि ते मी तुमच्या त्या चिवट कवीला देणार नाही," संपादक म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

सहसंपादक बाईंनी कवितेचा कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. सहसंपादक हे आपलं म्हणायला. आठवडाभर त्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसत, आणि शनिवारी दुपारी शिंप्याच्या दुकानावरच्या या खोलीत येऊन नवकवींची पाकिटं फोडत. दोन महिन्यांनी निघणारा छोटासा अंक. त्यात लिहिणारे तेच त्याचे वाचक, आणि तेही फक्त आपापलं पान वाचणारे.

नियम एकच होता. कवितेसोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट जोडायचं. नापसंत कविता त्यातून 'साभार परत' जायची. पसंत पडलीच, तर छापखान्यातून थेट अंक जायचा. या कवीची चार वर्षांत बावीस पाकिटं आली आणि बावीसच्या बावीस परत गेली. हे तेविसावं.

"सर, आपला हा शेवटचा अंक. यानंतर त्याला कोण छापणार?"

"म्हणून काहीही छापायचं?"

"काहीही नाही. साधी आहे, पण खरी आहे."

"अहो, ही तर मागेही येऊन गेली! चार वर्षांत माणूस तसूभर पुढे सरकलेला नाही. आणि भित्रा किती! परतीच्या पाकिटावर नाव घालतो आईचं. नकारसुद्धा आईनेच घ्यायचा."

बाईंना हसू आलं नाही. त्यांना अंकासाठी चित्रं काढून पाठवणारी एक मुलगी आठवत होती. तिची रेखाटनं तीनदा परत गेली, आणि चौथ्यांदा ती आलीच नाहीत. पुढे एकदा ती दवाखान्याच्या खिडकीशी भेटली. "आता हातच वळत नाही," एवढंच म्हणाली आणि नंबराची चिठ्ठी घेऊन बाकावर जाऊन बसली. साभार परतच्या चिठ्ठ्या बाईंच्याच हाताने गेल्या होत्या. आणखी एकाचं असं होऊ द्यायला त्यांचं मन घेत नव्हतं.

या कवीचं चित्र त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. कुठेतरी कारकून असेल, आईबरोबर राहत असेल. वरच्या पाकिटावरचं अक्षर नेहमी मोठं, वेडंवाकडं; घाईत घरातल्या कुणाकडून तरी लिहून घेत असेल. आतल्या पाकिटावरचा पत्ता मात्र कवितेच्याच तिरप्या, देखण्या अक्षरात. त्यावर जुन्या दराचं तिकीट, आणि शेजारी उरलेल्या पैशांचं छोटं तिकीट कसंबसं चिकटवलेलं. ओढाताण असणार बिचाऱ्याची, असं बाईंनी ठरवूनच टाकलं होतं.

"सर, वीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही."

संपादक खिडकीबाहेर बघत राहिले. अंक बंद करायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं. फक्त तसं ते बोलत नव्हते.

"घ्या तुमचं पान," ते शेवटी म्हणाले. "नाहीतरी आता वाचणार कोण आहे!"

अंक छापून आला त्याच रविवारी बाई तो हातात घेऊन निघाल्या. तेवीस वेळा दार ठोठावणाऱ्याकडे आपण एकदा आपल्या पायांनी जावं, असं त्यांना वाटलं. चार वर्षं पाकिटावर वाचून पत्ता पाठच झाला होता. तीन जिने चढताना त्यांना धाप लागली, तरी चेहऱ्यावरचं हसू काही मावळेना.

दार साठीच्या एका बाईने उघडलं. हात पिठाचे होते.

"आपण कवींच्या आई ना? मी द्वैमासिकातून आले. ते आहेत का घरी?"

"नाही. या ना, बसा."

खोली लहान, नेटकी. खिडकीशी टेबल, आत सारलेली खुर्ची. आईने हात धुतले, पाणी आणून दिलं.

"काकू, आनंदाची बातमी आहे. त्यांची कविता आम्ही छापली! हे बघा."

आईने अंक घेतला. लेकाच्या नावावरून बोट फिरवलं, मग पान उलटून पाहिलं, अंक झटकून पाहिला.

"आणि पाकीट?"

"कुठलं पाकीट?"

"कवितेबरोबर मी जोडलं होतं ते."

"अहो, पसंत पडल्यावर पाकीट कशाला लागतंय! छापखान्याच्या रद्दीत गेलं असेल." बाई हसल्या.

आई हसली नाही. खुर्ची ओढून ती सावकाश बसली.

"बरं. पुढच्या वेळी नका छापू, ताई. नेहमीसारखं परत पाठवा."

"पुढची वेळ नाही हो, काकू. हा आमचा शेवटचा अंक. आता बंद झालं सगळं."

आईने टेबलाचा खण ओढला. आत पाकिटांचे गठ्ठे होते, दोऱ्याने बांधलेले. प्रत्येकावर त्या तिरप्या अक्षरात तिचं नाव आणि पत्ता, कोपऱ्यात जुन्या दराचं तिकीट.

"एका बैठकीत शंभर लिहून ठेवली होती त्याने," ती म्हणाली. "म्हणायचा, आई, शंभरातलं एक तरी परत यायचं नाही बघ. तो वारला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून पोस्टमन दर दोन महिन्यांनी माझ्या नावाचं, त्याच्या हातचं पाकीट आणून देतो. आता ही मी कुठे पाठवू, ताई, म्हणजे परत येतील?"