निपाणीचं कॉलेज

विनोदचं हल्लीचं वागणं मालुबाईंना अजिबात पटत नव्हतं.

पोरगी कितवीत आहे हे ज्याला दरवर्षी बायकोला विचारावं लागायचं, तो बाप दोन महिने कॉलेजं हुडकत फिरत होता. रचनाची पी. यू. ची, म्हणजे इकडच्या बारावीची, परीक्षा संपली आणि ह्याच्या अंगात सरस्वती आली. घरचे विणायचे माग गड्यांवर सोडायचे, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि निघायचं.

"शाळेच्या पालकसभेला एकदा तरी गेलतास काय रं?" चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता मालुबाईंनी विचारलं. "आता बरी कालेजाची वाट सापडली."

"आई, जग बदललंय. पोरीस्नी शिकवाय पाहिजे."

मालुबाईंचा चरखा जोरात फिरला.

सून सुवर्णा चुलीपाशी कपाळाला हात लावून बसायची. नवऱ्याला जन्मात पहिल्यांदा चांगली बुद्धी झाली, तर सासू आडवी. स्वतः दुसरीतनं उठलेल्या. सहीपुरती अक्षरं. पण त्यांच्या जिभेला शहापूरची सगळी गल्ली वचकून होती.

रचनाला इचलकरंजी पाहिजे होतं. कापडाचं इंजिनिअरिंग. सीमाभागातल्या पोरांसाठी महाराष्ट्रात वेगळ्या जागा असतात, हे तिनं मोबाइलवर हुडकून सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. विनोद म्हणाला, लांब पडतं, होस्टेलात पोरगी एकटी. आणि मालुबाई तर त्या गावाचं नाव काढल्याबरोबर उसळल्या.

"त्या गावच्या पावरलूमनं आमचं हातमाग मोडलं, दोनच ऱ्हायलं. तुझ्या आज्ज्याचा माग चुलीत गेला, माझ्या डोळ्यांदेखत. त्या गावचं पाणीसुदिक पिणार न्हाय मी."

आयुष्यात एकदाच मायलेकांचं एकमत झालं, ते असं. रचना त्या दिवशी जेवली नाही.

मग विनोदनं निपाणीचं कॉलेज आणलं.

"चेअरमन मारुतीराव म्हणजे देवमाणूस. आपल्यातलेच हैत. फी घेणार न्हाईत. होस्टेलबी नको, त्यांच्याच घरी ऱ्हाईल. लेकीसारखी."

"आणि शिकवणार काय?"

"सगळं शिकवत्यात."

"सगळं म्हंजे काहीच न्हाय," मालुबाई म्हणाल्या. "दुकानात असा माल असला की मी पिशवी उघडत न्हाय."

सुवर्णाला राहवलं नाही. "आत्याबाई, तुमाला पोरगी घरातच कांड्या भरत बसवायची हाय काय?"

"कांड्या भरूनच तुझं घर चाललंय गं बाई."

शुक्रवारी शेजारच्या अक्काताईंकडं हळदीकुंकू होतं. सुवर्णाची ओटी भरून झाली. अक्काताईंनी कौतुकानं रचनासाठीही नारळ उचलला. मालुबाईंनी भर बायकांत त्यांचा हात धरला.

"लगीन ठरल्याबिगर पोरीची ओटी भरत्यात व्हय गं? केस पांढरं झालं, एवढं कळंना तुला?"

अक्काताईंचं तोंड एवढंसं झालं. घरी येताना सुवर्णा पुटपुटली, "कसल्या जुन्या विचाराच्या ह्या."

"जुनी हाय," मालुबाई पुढं चालताना म्हणाल्या, "पण रंग पक्का हाय."

आईतवारी सकाळी विनोदनं रचनाला साडी नेसायला लावली. निपाणीला मुलाखत होती. सुवर्णाही पदर सावरून निघाली, तर तो म्हणाला, "एकच पालक चालतोय."

"आईतवारी कसलं रं कालेज?" मालुबाईंनी उंबऱ्यातनं विचारलं.

"चेअरमनना आईतवारच मोकळा असतोय."

"आज्जी, साडी नीट हाय न्हवं?" रचनानं विचारलं. तिचे डोळे सुजलेले होते.

मालुबाईंनी तिच्या निऱ्या सारख्या केल्या. "साडी आपल्या मागावरची हाय. तिला कोण नाव ठेवतंय?"

दोघं परत आली तेव्हा दिवाबत्ती झाली होती. विनोद पेढ्यांचा पुडा नाचवत आला.

"सीट मिळाली काय हो?" सुवर्णानं विचारलं.

"मिळाली म्हणूनच समज!"

सुवर्णानं देवाला हात जोडले. तोवर विनोदनं आईपुढं पेढा धरला. मालुबाईंनी तो घेतला नाही. त्या रचनाकडं बघत होत्या. पोरगी पिशवी पोटाशी धरून भिंतीला टेकली होती.

"काय इचारलं गं मुलाखतीत?"

"कॉलेज बंद होतं आज्जी. गेटला कुलूप होतं. चेअरमनांच्या घरीच बसलो."

"मार्क बघितलं?"

"न्हाय."

"मग केलंस काय दिसभर?"

"चहा दिला सगळ्यांना. त्यांचा मुलगा बी होता, गप्पच बसलेला. जयाबाई म्हणून त्याची आई हाय, ती घर दाखवत हिंडली."

"बरं घर हाय आई, मोठं," विनोद मधेच म्हणाला.

"तुला इचारलं न्हाय मी. रचना, ती पिशवी आण हिकडं."

रचना जागची हलली नाही. "निघताना जयाबाईंनी पदरात घातलं. मी नको म्हणलं आज्जी. आप्पांनी डोळे वटारले," ती बापाकडं न बघता म्हणाली.

मालुबाई स्वतःच उठल्या. पिशवीत हात घालून एकेक वस्तू बाहेर काढली आणि कांड्यांच्या टोपलीशेजारी मांडली. हिरवा खण. मूठभर तांदूळ, हळकुंड. नारळ.

सुवर्णाचे जोडलेले हात तसेच राहिले. मग तिनं वळून नवऱ्याकडं बघितलं. विनोद पेढ्यांच्या पुड्याची दोरी गुंडाळत होता.

मालुबाईंनी नारळ उचलला. विनोदच्या हातातला पुडा खाली पाडला आणि तिथं नारळ ठेवला.

"उद्याच्या पयल्या गाडीनं जा आणि ह्यो परत देऊन ये. तुझ्या त्या व्याह्याला माझा निरोप सांग, आमची पोरगी आमी इचलकरंजीला दिली. कालेजाला."