बांधाची राखण

खेकडे धरायच्या नादात गायत्रीनं साळूबाईच्या भातखाचराचा बांध उकरला, अन् सकाळपर्यंत खाचरातलं सगळं पाणी वाहून गेलं. नुकती लावलेली रोपं उघडी पडलेली बघून साळूबाई तडक पोलिसांत निघाली. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष नाना आडवे आले.

“अगं, अकरावीतली पोर ती. पोलीस कशाला? गावातच मिटवू.”

नानांनी निवाडा केला. पोरीनं बांध पुन्हा घालून द्यायचा आणि भात कापेपर्यंत रोज त्याची राखण करायची. वर, जिभेचे चोचले माणसाला कुठं नेतात, यावर नाना देवळात तासभर बोललेही.

पंधरवड्यानं पाऊस जरा उघडला, तेव्हा हेच नाना त्याच बांधावर पालथे पडून खांद्यापर्यंत हात बिळात घालून होते. डोळ्यांपुढं रस्सा तरळत होता. खेकडा सापडला होता. पण नानांनी त्याला धरलंय की त्यानं नानांना, हे बोट सुटेपर्यंत ठरणार नव्हतं. तेवढ्यात चिखलानं भरलेले दोन पाय डोक्याशी येऊन थांबले.



गायत्रीनं हातातलं फावडं नानांपुढं ठेवलं. “घाबरू नका नाना. पोलीस कशाला? गावातच मिटवू.”