खुंटीवरचे लाकडी जोडे

पहिल्या लढाईत खेचरं हाकायला गेलेला धाकलू फ्रान्समधल्या एका शेतकरी खेड्यातून बायकी मापाचे लाकडी जोडे घेऊन आपल्या गावी, कडावला, परतला. ते गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेले असत.

“तिकडं नवरा आपल्या हातानं जोडे कोरून बायकोला देतो. ती ते घालून गाईची धार काढते,” तो पाव्हण्यांना कौतुकानं सांगायचा.

“आनि ह्ये कुनी कोरलं?” बायको जयवंता विचारायची. तो विडी पेटवायचा.

जोड्यांवर एक फूल होतं. तसंच फूल त्यानं लग्नानंतर जयवंताच्या काठवटीवर कोरलं होतं. पीठ मळताना रोज तिचा जीव जळायचा.

दुसरी लढाई पेटली त्या साली रोज सकाळी त्या जोड्यांना ओलं शेण लागलेलं दिसू लागलं.

“तुमी घालता का?” तिनं विचारलं.

“माझ्या पायात जातील का गं?”

मग जयवंतानं ते चुलीत घातले आणि त्या जाळावर भात शिजवला. धाकलू तो भात जेवला.

दुसऱ्या दिवशी ती धार काढायला गोठ्यात गेली, तर चरवी भरलेली होती आणि दुधावरचा फेस अजून बसला नव्हता. जयवंताशिवाय कुणाला अंगाला हात लावू न देणाऱ्या गाईनं तिलाच लाथ मारली.

ओटीवरून धाकलूची हाक आली. इतक्या मायेनं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

“झाली का गं धार?”

जयवंता उत्तर देणार, तोच गाय तिच्या पाठीमागं बघून हळू हंबरली. मग अंगणातल्या दगडांवर लाकडी पावलं वाजत वाजत ओटीकडं गेली.