काय तो शेवट!

“काय तो शेवट, इनांग! काय तो शेवट!” बोनारनं माइकसमोरच छातीवर हात आपटला. “मी दोन दिवस जेवलो नाही.”

पोटाकडे बघून तसं वाटत नव्हतं. इकडच्या रीतीनं तो जिला आदरानं ‘इनांग’, म्हणजे आई, म्हणत होता, त्या तिओलिनानं कॉफीचा घोट घेतला आणि हसू कपातच सोडलं.

मेदान शहरातल्या या कॉफीच्या दुकानाच्या माडीवर बोनार दर शनिवारी पॉडकास्ट करायचा. गप्पा फुटबॉलच्या असोत, दुर्यान फळाच्या असोत नाहीतर सासुरवाडीच्या, तासाभरात पाहुणा पुस्तकावर यायचाच. आणि गेले चार महिने पुस्तक एकच, ‘सामोसिरचं दार’. एका गोलकीपरनं नाव घेतलं, म्हणून गायिकेनं घेतलं. गायिकेनं घेतलं, म्हणून दातांच्या डॉक्टरनं. अकरा वर्षं धूळ खात पडलेली तिओलिनाची ती एकुलती एक कादंबरी अख्ख्या शहराच्या तोंडी झाली. आज तर खुद्द लेखिका हजर होती. शेजारी प्रकाशक साहात, नव्या आवृत्तीचा करार घेऊन. सही माइकसमोरच व्हायची होती.

तिओलिनानं मात्र सकाळी शिलाई मशीन पुसताना मनाशी ठरवून टाकलं होतं. हे पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला एक तरी माणूस आज भेटला, तर सही. नाही भेटला तर करार परत, लिहिणं बंद, आणि उरलेलं आयुष्य लोकांच्या पँटी आखूड करण्यात.

“अमांग, तुम्ही सांगा,” वडीलधाऱ्याला हाक मारावी तसा बोनार साहातकडे वळला. “तुम्ही तर सगळ्यात आधी वाचलंत.”

“रडलो रे,” साहातनं चष्मा काढून पुसला. “इतका रडलो की बायको धावत आली. म्हणाली, अहो, कोण गेलं?”

“अगं बाई!” तिओलिना म्हणाली. “मग सांगा बरं, शेवटी ती दार उघडते, तेव्हा दारात कोण असतं?”

साहातनं बोनारकडे पाहिलं. बोनारनं साहातकडे.

“नवरा!” बोनार म्हणाला.

“मुलगी!” त्याच क्षणी साहात म्हणाला.



“म्हणजे नवराच,” बोनारनं सारवासारव केली, “पण मुलीला घेऊन.”

“कडेवर घेऊन,” साहातनं हातभार लावला.

“मुलगी चौतीस वर्षांची आहे,” तिओलिना म्हणाली.

“ते प्रतीक असतं हो, इनांग! सगळं शब्दशः घ्यायचं नसतं. चला, सही करून टाका, श्रोते थांबलेत!”

गंमत तिला आवडायची, पण ही गंमत नव्हती. अख्खं शहर बोलतंय आणि वाचलं कुणीच नाही. तिनं पेनाला टोपण लावलं आणि करार साहातकडे सरकवायला हात पुढे केला.

“एक मिनिट.” कोपऱ्यातून आवाज आला. रेकॉर्डिंगच्या यंत्राशी बसणारी लास्मा उठून उभी राहिली होती. तीन पोरांची आई. सहा वर्षांत कार्यक्रमात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. “बोनार, तू नंतर ओरड. पण इनांग, दारात कुणीच नाहीये.”

तिओलिनाचा हात तिथंच थांबला. “कुणीच नाही म्हणजे?”

“माझ्या पुस्तकात ‘तिनं कडी काढली, दार उघडलं आणि’ एवढंच आहे. ‘आणि’च्या पुढे टिंबसुद्धा नाही! मला वाटलं, माझीच प्रत खराब. बदलून आणली, त्यातही तेच. मग बहिणीची आणली. तिचीही तशीच! आता रोज भांडी घासताना जीव नुसता वर-खाली होतो. सांगून टाका ना, दारात आहे तरी कोण?”

तिओलिना हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचंच राहिलं नाही. तिनं टोपण उडवलं, करारावर ठसठशीत अक्षरांत ‘शेवटच्या सोळा पानांसकट’ असं लिहिलं, आणि खाली दाबून सही ठोकली. मग पिशवीत हात घातला. पिवळी पडलेली सोळा पानं काढली, हातानं लिहिलेली, आणि लास्माच्या हातात दिली.

“घे. तूच पहिली.”

लास्मा यंत्र तसंच चालू सोडून खाली फरशीवर बसली आणि वाचायला लागली.

साहात लालबुंद झाला होता. “सोळा पानं गायब! हे त्या बाइंडिंगवाल्याचंच काम! उद्याच त्याचा गळा धरतो!”

“त्या बिचाऱ्याला कशाला?” तिओलिना म्हणाली. “हस्तलिखित तुम्हाला दिलं, तेव्हा ही पानं माझ्याच मशीनखाली राहिली होती. दुसऱ्या दिवशी द्यायला धावत आले, तर मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणालात, ‘शेवट वाचून रात्रभर रडलो!’ म्हटलं, मग राहू देत.”