सहा हजार उभी माणसं

"पुन्हा," इमेल्डा म्हणाली. आज हे आपण कितव्यांदा म्हणतोय, ते तिचं तिलाच आठवेना.

मिस्टर ओडेल पिवळ्या पट्ट्यापाशी परत गेले. मेम्फिसच्या त्या गोदामात एकतीस वर्षं खोकी उचलून गुडघ्यांची पार वाट लागलेली, म्हणून मॅनेजर केलरने त्यांना या हलक्या कामाला लावलं होतं. काम एवढंच, की खोकी उचलून नेणाऱ्या बिनचालकाच्या गाडीसमोर, फोर्कलिफ्टसमोर, यायचं. तिच्या कॅमेऱ्याला माणूस दिसला की तिने थांबायचं. सोमवारपासून ती इथल्या साठ माणसांत एकटी फिरणार होती, आणि ती माणूस ओळखते असं सहीनिशी लिहून द्यायचं होतं इमेल्डाने.

गाडी निघाली. इमेल्डाच्या हातातल्या पडद्यावर मिस्टर ओडेलभोवती हिरवी चौकट उमटली आणि त्यांच्याबरोबर सरकू लागली. ते समोरून आले, गाडी थांबली. आडवे गेले, थांबली. खोक्यांच्या आडून अचानक आले, तरी थांबली. शेवटी त्यांचे गुडघेच थकले. "थांब गं पोरी," म्हणत ते जागच्या जागी खाली बसले.

चौकट फडफडली आणि गेली. गाडी सरळ पुढे! इमेल्डाने गाडी थांबवायचं लाल बटण दाबलं तेव्हा लोखंडी काटे त्यांच्यापासून जेमतेम हातभर होते.

"लागलं का हो?" ती धावत आली.

"मला काय धाड भरलीय? पण तुझ्या बाईसाहेबांना मी दिसलोच नाही की."

"दिसलात. खोकं म्हणून दिसलात."

"मग बरोबर आहे तिचं. साहेबांनाही एकतीस वर्षं तसाच दिसतोय."

इमेल्डा त्यांच्या शेजारीच फतकल मारून बसली. चाचणीला अकरा दिवस झाले होते, जीव अगदी विटून गेला होता. गाडीला माणूस ओळखायला शिकवण्यासाठी तिने वसंतात याच गोदामात सहा हजार फोटो काढले होते. तिने ते पडद्यावर भराभर सरकवले. सगळी माणसं उभी.

"असं कसं होईल? जेवणाच्या सुट्टीतसुद्धा काढलेत मी!"

मिस्टर ओडेल खोकला येईपर्यंत हसले. "अगं, तू कॅमेरा घेऊन कोपऱ्यावर दिसलीस, की आम्ही पटापट उठून उभे राहायचो. फोटो कुठे जाणार, आम्हाला काय ठाऊक? बसलेल्याचा फोटो निघाला की त्याची नोकरी गेली, एवढं ठाऊक."

केलर आला. त्याचेही डोळे जागरणाने सुजलेले होते. इमेल्डाने तीन आठवडे मागितले. बसलेल्या, वाकलेल्या माणसांचे फोटो काढायला.

"तीन दिवस मागितलेस तरी वरचे माझी सालटी काढतील. गाडीलाच जरा भित्री कर ना."

"काल केली होती. तासाला चाळीस वेळा थांबत होती, प्रत्येक खोक्यासमोर."

केलरने कपाळ चोळलं. "उभा माणूस दिसतो ना? मग तेवढंच लिही. बाकीचं मी बघतो."

तिने तेवढंच लिहिलं आणि सही केली. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त घरी जावंसं वाटलं. पडदा आणि लाल बटण तिने केलरच्या हवाली केलं. सही झाली म्हटल्यावर त्याने गाडी लगेच सरावाच्या फेऱ्यांना सोडलीसुद्धा.

अर्ध्या तासाने ती बॅग उचलून निघाली, तर वाटेत मिस्टर ओडेल. त्यांच्या काखेत केलरने छापून घेतलेल्या मोठमोठ्या पिवळ्या पाट्या होत्या: 'या भागात खाली बसण्यास सक्त मनाई आहे.' गाडी जिथे जिथे वळते तिथे त्या जमिनीवर चिकटवायच्या होत्या. एक गुडघा टेकून, मग कण्हत दुसरा टेकून ते खाली बसले आणि पाटीचे कोपरे तळहाताने दाबू लागले.

गल्लीच्या टोकाकडून गाडीची घरघर आली.

इमेल्डाने बॅग टाकली आणि ती धावत जाऊन त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहिली. ताठ, दोन्ही हात पसरून.

गाडी थांबली.

मिस्टर ओडेल यांनी मान वर केली नाही. पाटीखाली हवेचा एक फुगा राहिला होता, तो ते अंगठ्याने कडेला सारत होते.

"आज तू आहेस," ते म्हणाले. "सोमवारी कोण उभं राहणार, पोरी?"