पोर्ट कुणी धरलाय

रविवारची अख्खी दुपार डोंगलनं खाल्ली. अंगठ्याएवढी वस्तू, पण स्वप्नालीला तिनं मेटाकुटीला आणलं होतं.

घरातले सगळे सेन्सर या डोंगलशी बोलायचे. दार उघडलं की स्वप्नालीच्या मोबाइलवर घंटी वाजायची, मग ती कुठंही असो. परवा अपडेट चालू असताना वीज गेली आणि डोंगल मुका झाला. आता लॅपटॉपवरून त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतला मूळ प्रोग्रॅम, नव्यानं चढवायला हवं होतं, आणि नेमकं तेच चढत नव्हतं. उद्या तिला कागलच्या एमआयडीसीत कामावर हजर व्हायचं होतं. घरात मागं एकटे आबा. आई गेल्यापासून ते कधीही दार उघडायचे आणि कळंब्याच्या तळ्याकडं चालू लागायचे. आजवर कुणी ना कुणी ओळखीचं भेटलं आणि परत घेऊन आलं. दर खेपेला भेटेलच, याचा काय भरवसा? बरं, बापाला बाहेरून कुलूप घालून कोंडायचं तर तिच्या जिवावर यायचं.

तिनं केबल बदलली. लॅपटॉप बंद करून चालू केला. डोंगलचं इवलंसं बटण नखानं दाबून धरत तो पुन्हा खोचला. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ. शेवटी तिनं ऑफिसातल्या तेजस्वीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"डोंगलला काय झालेलं न्हाय," तेजस्वी म्हणाला. "लॅपटॉपला तो जोडलाय न्हवं, तो पोर्ट कुणीतरी धरून ठेवलाय. कोण धरलंय ते बघ आधी. त्यानं सोडल्याशिवाय फर्मवेअर चढायचं न्हाय."

"सगळं बंद केलंय रे. एक प्रोग्रॅम चालू न्हाय."

"मग परत बघ. धरलंय म्हंजे कोणतरी हाय की."

फोन ठेवला, तसे खाटेवर बसलेले आबा बोलले. "त्याला काय ठावं? ती बसलीया की धरून."

"कोण?"

"तुजी आई. त्या खुर्चीत."

टेबलाच्या पलीकडची प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. डोंगलची लांब केबल टेबलाच्या त्या कडेवरून खाली गेली होती आणि डोंगल खुर्चीच्या बैठकीवर पडला होता. तो तिथं आपणच ठेवला का, हे स्वप्नालीला काही केल्या आठवेना.

"आबा, गप बसा जरा," ती खेकसली. खेकसली आणि लगेच तिचं तिलाच वाईट वाटलं.

आबांना त्याचं काही नव्हतं. ते खुर्चीकडं वळून, जेवायला वाढताना बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "सोड की गं आता. पोरगी मगापास्नं कावलीया."

केबल जराशी हलली. वर पंखा चालू होता, त्यानं हलली असेल.

तिनं इरेला पेटून लॅपटॉपवर फर्मवेअर चढवायचं बटण पुन्हा दाबलं. लाल ओळ आलीच नाही. फर्मवेअर चढायला लागलं, मध्ये कुठंही न अडखळता सरसर चढत गेलं आणि पुरं झालं. तिच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंद मोठा होता. यादीतली नावं हिरवी होऊ लागली: स्वयंपाकघर, न्हाणीघर, पुढचं दार. घर पुन्हा बोलायला लागलं होतं. तेजस्वीला कळवावं म्हणून तिनं मोबाइल हातात घेतला.

तोच घंटी वाजली. पुढचं दार उघडलं होतं.

खाट रिकामी होती. ती पळतच पुढच्या खोलीत गेली. आबा टोपी घालून, पायांत वहाणा सरकवून उंबऱ्याशी उभे होते. उजवा हात किंचित पुढं होता. कुणी मनगटाला धरलेलं असावं तसा.

"कुठं निघाला?"

"तिनं सोडलं न्हवं? मग निघाली ती. बाईमाणूस, एकटीला कशी लावून देऊ?"

"आबा, आत या. च्या टाकते."

"तू घे. मी जातो."

घरातून निघताना ‘जातो’ हा शब्द आबांनी कधी कुणाला तोंडातून काढू दिला नव्हता. एकदा पाहुण्यानं चुकून उच्चारला, तर त्याला परत आत बसवून पाणी प्यायला लावलं होतं. स्वप्नाली पुढं झाली. तिनं त्यांचा डावा हात दोन्ही हातांनी घट्ट पकडला. दुपारच्या त्या उकाड्यातही तो गार लागत होता.

"येतो म्हणा, आबा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुमच्या पाया पडते. निस्तं येतो म्हणा."

आबा थांबले. पण तिच्याकडं त्यांनी पाहिलं नाही. बाहेर ऊन नुसतं रखरखत होतं, पायरीवर चिटपाखरू नव्हतं. त्या पायरीकडं मान वळवून त्यांनी हळूच विचारलं,

"काय म्हणू गं?"